बुद्धिबळ इंजिनाला एंडगेम शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी++ मध्ये स्वतः लिहिलेले इंजिन मध्यडावापर्यंत बरे खेळते, एखाद-दुसरे प्यादे कमावते आणि मग जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडते. अल्फा-बीटा सर्च (निरुपयोगी फांद्या छाटत पुढच्या चालींचा शोध), हॅश टेबल (आधी बघितलेल्या स्थितींची नोंद), नल मूव्ह (चाल सोडून देऊन बघण्याचा शॉर्टकट), मोहऱ्यांची किंमत आणि घरांप्रमाणे गुण एवढे सगळे त्यात आहे. एक मित्र म्हणतो, टेबलबेस (थोडी मोहरी उरलेल्या सगळ्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) जोड आणि विषय संपव. दुसरा म्हणतो, न्यूरल नेटवर्कच्या जमान्यात एंडगेमचे, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचे, नियम हाताने लिहीत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे. मग या ज्ञानाला आज किंमत किती, आणि सुरुवात कुठून करायची?

किंमत आहे, भरपूर आहे. पण पटावर एंडगेम येतो तेव्हा बहुतेक नुकसान आधीच होऊन गेलेले असते. कुठला उंट ठेवायचा, शेवटचे हत्ती मारामारीत जाऊ द्यायचे का, कोणते प्यादे सोडायचे, हे निर्णय दहा-पंधरा चाली आधी होतात. त्या वेळी इंजिन सर्चच्या टोकाला पोचून खालच्या स्थितीला एक आकडा देते. तो आकडा चुकीचा असेल तर वरचा सगळा शोध चुकीच्या दिशेने इमानदारीने धावतो. म्हणून एंडगेमचे ज्ञान हे मुख्यतः त्या टोकाच्या स्थितींसाठी असते. आणि माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग जिंकायचे कसे हा नाही. कोणती स्थिती वरून जिंकलेली दिसते पण मुळात बरोबरीची आहे, हे ओळखणे हा आहे.

एक उदाहरण सविस्तर बघू, कारण त्यात सगळा विषय येतो. पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांवरचा उंट, जी आणि एच पट्टीवरची प्यादी. काळ्याकडे राजा आणि घोडा, राजा एच८च्या आसपास. सरळ हिशोबात पांढरा दोन प्याद्यांनी पुढे. आता काळा घोडा देऊन जी-प्यादे मारू पाहतो. तुमचे इंजिन काय म्हणेल? घोडा फुकट मिळतोय, उंट आणि प्यादे विरुद्ध नुसता राजा, गुण दोनवरून चारवर गेले. त्यामुळे ते हा बळी टाळणार तर नाहीच, उलट त्याला वाट करून देईल. प्रत्यक्षात एच८ हे काळे घर आहे. पांढऱ्या घरांवरचा उंट त्या घराला कधीच हात लावू शकत नाही, आणि काळा राजा कोपऱ्यात बसला की त्याला तिथून कोणी हलवू शकत नाही. जोर करायला गेलात तर स्टेलमेट, म्हणजे शह नसताना चालच न उरल्याने बरोबरी. म्हणजे इंजिनाचे गुण दुप्पट झाले आणि डाव विजयावरून बरोबरीवर आला.

हे सर्चने का सापडत नाही, असे वाटेल. बरोबरी सिद्ध व्हायला इथे काहीच घडत नाही ना! प्यादे मारले जात नाही, मात होत नाही. पन्नास चालींचा नियम (तेवढ्यात प्यादे हलले नाही, काही मारले गेले नाही तर बरोबरी) लागू होईपर्यंत १०० अर्ध्या चाली, म्हणजे एकेका बाजूच्या खेळी, जातात. तीस-चाळीस अर्ध्या चाली खोल जाणाऱ्या इंजिनाला सगळीकडे चार गुणांची आघाडीच दिसते. ‘प्रगती होत नाही’ ही गोष्ट सर्चला दिसत नाही, ती सांगावी लागते. आणि सांगायला ओळी किती लागतात? जोरकस बाजूकडे प्याद्यांखेरीज फक्त उंट आहे, सगळी प्यादी एकाच काठाच्या पट्टीवर आहेत, बढतीचे घर उंटाच्या रंगाचे नाही, बचावाचा राजा त्या कोपऱ्यात किंवा त्याला लागून आहे: गुण शून्य. एवढे लिहिलेत की पांढरा असताना इंजिन तो बळी घडू देणार नाही आणि काळा असताना स्वतःहून घोडा देऊन अर्धा गुण वाचवेल. एकच नियम दोन्ही बाजूंनी कमाई करतो.

अशा स्थितींची यादी फार मोठी नाही. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा: सहा गुणांची आघाडी, पण जबरदस्तीने मात नाही. हत्ती विरुद्ध उंट, हत्ती विरुद्ध घोडा, प्यादी नसताना: बहुतेक वेळा बरोबरी. वजीर विरुद्ध सातव्या ओळीवर पोचलेले ए, सी, एफ किंवा एच पट्टीवरचे प्यादे, वजिराचा राजा लांब असताना: बरोबरी. विरुद्ध रंगांच्या घरांवरचे उंट आणि दोन प्यादी जास्त: कितीतरी वेळा बरोबरी. शेवटच्या बाबतीत गुण शून्य करू नका, निम्म्यावर किंवा त्याखाली आणा. आणि पटावर हत्ती किंवा वजीर शिल्लक असतील तर एवढीही कात्री लावू नका, कारण तेव्हा विरुद्ध रंगांचे उंट हल्ला करणाऱ्याच्याच कामी येतात. नवे लेखक हा फरक विसरतात आणि इंजिन हल्ले सोडून देऊ लागते.

यातून एक व्यापक नियम निघतो, आणि तुम्हाला एकच गोष्ट लिहायची असेल तर हीच लिहा: जोरकस बाजूकडे एकही प्यादे नाही आणि आघाडी उंटाच्या किमतीएवढी किंवा कमी आहे, तर गुण जवळजवळ शून्यावर आणा. स्टॉकफिश या अव्वल इंजिनाच्या जुन्या मूल्यमापनात नेमके हेच होते. तिथे ६४ म्हणजे पूर्ण गुण असे प्रमाण धरून अशा स्थितींना शून्य, ४ किंवा १४ एवढाच गुणक दिला जाई. या एका नियमाने इंजिन आपोआप दोन शहाणपणाच्या गोष्टी करू लागते. पुढे असताना मोहरी मारामारीत घालवते पण प्यादी जपते, आणि मागे असताना प्यादी साफ करत सुटते. क्लासमध्ये मुलांना हे वाक्य पाठ करायला लावतात. इथे ते एका गुणकातून आपसूक बाहेर पडते.

आता जिंकण्याचे ज्ञान. गंमत अशी की बुद्धिबळ खेळणारे पहिले खरे यंत्र हे एंडगेमचेच यंत्र होते. लिओनार्दो तोरेस इ केव्हेदो या स्पॅनिश अभियंत्याने १९१२ मध्ये बांधलेले यंत्र राजा आणि हत्ती घेऊन समोरच्या एकट्या राजाला मात देई. ते सर्वांत जवळची मात शोधत नसे, ठरलेल्या नियमांनी एकेक ओळ दाबत जाई. १९६८ मध्ये स्टॅनफर्डला बार्बरा ह्यूबरमन यांनी पीएच.डी.साठी हाच प्रश्न संगणकावर घेतला: हत्तीची मात, दोन उंटांची मात, उंट-घोड्याची मात. पुढे बार्बरा लिस्कोव्ह या नावाने त्यांना प्रोग्रामिंग भाषांवरील कामासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या काळी यंत्राला खोलवर शोधणे परवडत नव्हते, म्हणून योजना शब्दशः लिहून द्यावी लागे.

आज वजीर किंवा हत्तीच्या मातेसाठी वेगळी योजना नको. हरणाऱ्या राजाचे मध्यापासूनचे अंतर जितके जास्त तितके गुण, दोन राजांमधले अंतर जितके कमी तितके गुण, एवढे दिलेत की उरलेले सर्च करते. उंट-घोड्याने मात द्यायला मात्र हे पुरत नाही. तिथे मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच होते आणि सर्वांत वाईट स्थितीतून ३३ चाली लागतात. साधे सूत्र दिले तर इंजिन राजाला जवळच्या, म्हणजे बऱ्याचदा चुकीच्या कोपऱ्यात नेते आणि तिथे घोटाळत राहते, कारण तिथून बाहेर काढताना गुण कमी होतात. उपाय सोपा: या एका प्रकारात मध्यापासूनच्या अंतराऐवजी योग्य रंगाच्या कोपऱ्यापासूनचे अंतर वापरा. असा डाव वर्षातून कितीदा येतो, असे विचाराल तर फारच क्वचित. तरी लिहा. लोकांसमोर इंजिन ही मात चुकले की त्याची अब्रू जाते.

एका ठिकाणी मात्र मी आग्रह धरेन: राजा आणि प्यादे विरुद्ध राजा. ही स्थिती एंडगेममधले चलन आहे. सगळ्या मारामाऱ्या अखेर हिच्यात मोडून बघायच्या असतात. आणि इथे अंदाज चालत नाही. पांढरा राजा ई५, प्यादे ई४, काळा राजा ई७. पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. तीच मोहरी, तीच घरे, मूल्यमापनात एक प्यादे जास्त, आणि निकाल फक्त चाल कोणाची यावर. राजा एक ओळ पुढे सरकवा, म्हणजे राजा ई६, प्यादे ई५, काळा राजा ई८, की चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. असल्या फरकांचे नियम लिहायला गेलात तर अपवादांत अडकाल.

त्यापेक्षा सगळी स्थिती मोजून टाका. चाल कोणाची हे २ प्रकार, प्याद्याची २४ घरे, दोन्ही राजांची ६४ गुणिले ६४. प्यादे ए ते डी या चारच पट्ट्यांवर धरायचे, कारण उरलेला अर्धा पट आरशातले प्रतिबिंब आहे. ओळी सहा, म्हणून २४. गुणाकार येतो १,९६,६०८. प्रत्येक स्थितीला एकच बिट पुरते: जिंकली की नाही. म्हणजे २४ किलोबाइट. ही फाइलसुद्धा ठेवायला नको, प्रोग्राम सुरू होताना तयार होते. आधी अशक्य स्थिती बाद करा. प्यादे सुखरूप वजीर होते त्या जिंकलेल्या धरा; स्टेलमेट किंवा प्यादे मारले जाते त्या बरोबरीच्या. मग पुन्हा पुन्हा फेरी मारा: पांढऱ्याच्या चालीत एकही खेळी जिंकलेल्या स्थितीकडे जात असेल तर ती जिंकलेली, काळ्याच्या चालीत सगळ्याच खेळी तशा असतील तर तीही जिंकलेली. फेरीत काही बदलले नाही की थांबा. उरलेल्या सगळ्या बरोबरीच्या. शंभरेक ओळींचे काम आहे, आणि उलट्या दिशेने विश्लेषण कसे चालते हेही तुम्हाला कायमचे कळते. मोठे टेबलबेस याच तत्त्वावर उभे आहेत.

पुढे जाण्याआधी तुमच्या तक्रारीबद्दल एक शंका. तुमचे इंजिन एंडगेम हरवते त्यातले सगळे अज्ञानामुळे नसावे. काही सर्चच्या शॉर्टकटमुळे असणार. नल मूव्हचे गृहीतक असे की चाल सोडून देणे हे उपलब्ध सर्वोत्तम चाल करण्यापेक्षा वाईटच. एंडगेममध्ये झुगझ्वांग येतो आणि हे गृहीतक उलटे पडते: चाल करावी लागते म्हणूनच माणूस हरतो. तेव्हा ज्या बाजूची चाल आहे तिच्याकडे फक्त राजा आणि प्यादी असतील तर नल मूव्ह बंद करा. वर दिलेल्या ई५-ई४-ई७ स्थितीत चाल सोडायची मुभा मिळाली तर कोणालाही काही होत नाही, हे लक्षात घेतलेत की धोका कळेल.

दुसरे, हॅश टेबल खरोखर काम करते का ते तपासा. त्यासाठी इंजिन लिहिणाऱ्यांमध्ये एक जुनी कसोटी प्रसिद्ध आहे, लास्कर आणि राइखहेल्म यांच्या १९०१ च्या विश्लेषणातून आलेली. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. चाल पांढऱ्याची. एकही प्यादे हलू शकत नाही, फक्त दोन राजे फिरतात, आणि जिंकणारी पहिली चाल आहे राजा बी१. फळ बऱ्याच चालींनंतर दिसते, म्हणून हॅशविना झाड अफाट फुगते. पण विचार करा: प्यादे मारले जाईपर्यंत शक्य स्थिती किती? ६४ गुणिले ६४ गुणिले २, म्हणजे आठ हजारांच्या आसपास, खरे तर त्याहून बऱ्याच कमी. हॅश नीट असेल तर इंजिन क्षणात खोल उतरते आणि राजा बी१ सापडते. तुमचे इंजिन इथे मिनिटभर अडखळले तर एंडगेमचे ज्ञान बाजूला ठेवा आणि हॅशचा कोड उघडा.

तिसरे, बढतीच्या चाली. पुष्कळ इंजिने वेग वाढवायला फक्त वजिराची बढती तपासतात. १८९५ पासून प्रसिद्ध असलेली साव्हेद्राची स्थिती लावून बघा: पांढरा राजा बी६, प्यादे सी६, काळा राजा ए१, हत्ती डी५. चाल पांढऱ्याची. शेवटी प्याद्याचा वजीर केला तर काळा हत्ती देऊन स्टेलमेट मिळवतो. हत्ती केला तर पांढरा जिंकतो. निदान मुख्य सर्चमध्ये तरी चारही बढत्या असू द्या.

राजाचे गुण मध्यडावात कोपऱ्यात आणि शेवटी मध्यात हवेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मध्यडाव आणि एंडगेम असे दोन आकडे काढून पटावरच्या मोहऱ्यांप्रमाणे त्यांचे मिश्रण करा. घोडा आणि उंट १, हत्ती २, वजीर ४, सुरुवातीची बेरीज २४. फ्रूट या इंजिनानंतर जवळजवळ सगळ्यांनी हाच मार्ग धरला. ‘आता एंडगेम सुरू’ अशी एकच सीमारेषा आखू नका, नाहीतर इंजिन त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारते.

आता टेबलबेस. तुमच्या पहिल्या मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. केन टॉम्प्सन, म्हणजे युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक आणि बेल या बुद्धिबळ यंत्राचे जनक, यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वजीर विरुद्ध हत्ती ही स्थिती पूर्ण सोडवली. सर्वांत वाईट स्थितीतही ३१ चालींत वजीर काम फत्ते करतो असे निघाले. अमेरिकी ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी पैज लावून यंत्राविरुद्ध वजीर घेतला आणि पन्नास चालींत जिंकू शकले नाहीत. यंत्र हत्ती राजापासून लांब नेई, आणि असा बचाव पुस्तकांत नव्हता. अभ्यास करून ते परत आले आणि दुसऱ्यांदा बरोबर पन्नासाव्या चालीपर्यंत काम उरकले. त्यानंतर १९८३ मध्ये टॉम्प्सन यांनी दोन उंट विरुद्ध घोडा सोडवले. १८५१ च्या एका विश्लेषणापासून ही स्थिती बरोबरीची मानली जात होती. ती सर्वसाधारणपणे जिंकलेली निघाली, मात्र लागतात ६६ चालींपर्यंत. पन्नास चालींच्या नियमाचे काय करायचे, हा प्रश्न फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेपुढे आला. काही स्थितींसाठी मर्यादा वाढवून पाहिली, आणि १९९२ मध्ये पुन्हा सरसकट पन्नासवर आणली. (वर सांगितलेला ‘प्यादे नाही तर शून्याजवळ’ हा नियम दोन उंटांच्या या स्थितीत चुकतो. चुकू द्या.)

आजचे काम सिझिजी टेबलबेसवर चालते. रोनाल्ड द मान यांनी ते २०१३ मध्ये आणले. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सगळे मिळून एक जीबीच्या आत बसते, सहाचे सुमारे १५० जीबी. सातचे २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि १८ टेराबाइटच्या घरात जाते. त्याआधी २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठात सात मोहऱ्यांचे लोमोनोसोव्ह टेबलबेस तयार झाले होते, ते १४० टेराबाइटचे. त्यात मात होईपर्यंतचे अंतर साठवले होते, आणि सर्वांत लांब मात निघाली ५४९ चालींची. सिझिजीने ते अंतर सोडून दिले, म्हणून आकार घटला. त्यात दोन वेगळ्या फाइली असतात: एकीत जीत-बरोबरी-हार, दुसरीत पुढच्या प्याद्याच्या चालीपर्यंत किंवा मारामारीपर्यंतचे अंतर. पन्नास चालींचा नियम त्यांनी हिशोबात धरला आहे, त्यामुळे ‘जिंकते आहे पण नियमामुळे बरोबरी’ अशा स्थितीही वेगळ्या कळतात.

जोडताना एवढे लक्षात ठेवा. सर्चच्या आत फक्त पहिली फाइल विचारा, तीही मारामारी किंवा प्याद्याची चाल नुकतीच झाली असेल तेव्हाच. स्टॉकफिश हेच करते. अंतराची फाइल फक्त मुळाशी, प्रत्यक्ष चाल निवडताना. नाहीतर डिस्कवरच्या वाचनात सर्चचा वेग बुडतो. आणि अंतर कमी करण्याच्या नादात इंजिन कधी कधी विचित्र चाली करते, उगाच मोहरे देऊन मोजणी शून्यावर आणते. निकाल बदलत नाही, पण बघणारा डोके धरतो.

मग ‘विषय संपव’ का नाही? कारण टेबलबेसचे राज्य पटावर सात मोहरी उरल्यावर सुरू होते, तुमच्या यंत्रावर बहुधा पाच-सहा. डाव जिंकायचा की घालवायचा हे बऱ्याचदा दहा-बारा मोहऱ्यांवर ठरते. २०२१ च्या दुबईतील जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव, कार्लसन विरुद्ध नेपोम्नियाची, १३६ चालींचा, हे चांगले उदाहरण आहे. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, नेपोम्नियाचीकडे वजीर. राजांसह सात मोहरी. टेबलबेस सांगत होते की बरोबरी, आणि १३०व्या चालीला काळ्याने वजीर चुकीच्या घरी नेला तेव्हा ती गेली. पण त्या स्थितीपर्यंत येण्यासाठी जे तास खर्ची पडले, त्यांबद्दल टेबलबेसला एक शब्दही बोलता येत नव्हता. म्हणूनच ताकदवान इंजिनाला सिझिजी जोडले तरी मोजून मिळणारी वाढ थोडीच असते. अलीकडच्या स्टॉकफिशमध्ये दहा एलो गुणांच्याही (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजण्याचे माप) आत. दुबळ्या मूल्यमापनाच्या इंजिनाला जरा जास्त मिळते.

दुसऱ्या मित्राकडे वळू. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी काढलेले, प्रोसेसरवर वेगाने चालणारे छोटे नेटवर्क सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मधून बुद्धिबळात रुजले. आणि २०२३ मध्ये स्टॉकफिशने हाताने लिहिलेले सगळे मूल्यमापन कोडमधून काढून टाकले: उंट-घोड्याची मात, चुकीचा उंट, ते २४ किलोबाइटचे कोष्टक, सगळे. ताकद कमी झाली नाही. तेव्हा मित्र म्हणतो त्यात तथ्य आहे. पण ते ज्ञान नाहीसे झाले असे समजू नका. ते प्रशिक्षणाच्या डावांत गेले. नेटवर्क शिकते ते लाखो-कोट्यवधी स्थितींच्या निकालांवरून. त्या स्थितींत चुकीच्या उंटाचे डाव पुरेसे असतील आणि त्यांपुढे ‘बरोबरी’ असे लिहिलेले असेल तरच ते शिकेल. लीला या नेटवर्कवर चालणाऱ्या इंजिनाच्या चमूने म्हणूनच प्रशिक्षणाच्या डावांतले निकाल टेबलबेसने तपासून दुरुस्त करण्याची पद्धत आणली. तुमच्या दुबळ्या इंजिनाने स्वतःशी खेळून तयार केलेल्या डावांत जिंकलेले एंडगेम बरोबरीत सुटत असतील, तर नेटवर्क तेच खोटे पाठ करेल.

लीलाचे आणखी एक लक्षण सांगण्यासारखे. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या फक्त जिंकण्याची शक्यता बघत. शक्यता शंभर टक्क्यांजवळ पोचली की सगळ्या चाली सारख्याच. मग ती रमतगमत खेळे, वजीर करायचा सोडून उंट करी. पुढे किती चाली उरल्या याचा अंदाज देणारा भाग नेटवर्कला जोडला तेव्हा हे आवरले. जिंकलेल्या स्थितींत फरक करणारे काहीतरी हवेच, मग ते मध्यापासूनचे अंतर असो की उरलेल्या चालींचा अंदाज.

आणि तटबंदीचे दुखणे नेटवर्कनंतरही पुरते गेलेले नाही. प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झालेला, एका बाजूकडे जास्तीचा हत्ती, पण आत शिरायला वाटच नाही. माणूस बघताक्षणी बरोबरी म्हणतो, इंजिन तीन गुणांची आघाडी दाखवत हत्ती इकडून तिकडे हलवत बसते. यावर स्वस्त उपाय आहे आणि मोठी इंजिनेही तो वापरतात: पन्नास चालींची मोजणी जसजशी वाढेल तसतसे गुण हळूहळू शून्याकडे ओढा. मग इंजिन वेळेत प्यादे फोडायचा विचार करते, किंवा निदान बंद पटाकडे जाणारी चाल आधीच टाळते. एका ओळीचा बदल आहे, आणि तुमच्या तक्रारीतले काही डाव एवढ्यानेच सुटतील असा माझा अंदाज आहे.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: नल मूव्हची अट, हॅशची कसोटी, प्याद्याविना गुण कमी करणारा नियम, चुकीचा उंट, राजा-प्याद्याचे कोष्टक, मोजणीप्रमाणे गुण ओढणे. मग पाच मोहऱ्यांचे सिझिजी. विरुद्ध उंट आणि उंट-घोड्याची मात सवडीने. हत्तींच्या एंडगेमचे बारीक नियम लिहू नका. फिलिडोर, लुसेना वगैरे हत्तींच्या प्रसिद्ध स्थिती आजच्या खोलीवर सर्चला बऱ्यापैकी सापडतात, आणि हाताने लिहिलेल्या नियमात अपवाद राहून जातात. नेटवर्क बसवायचा बेत असेल तर पहिले दोन आणि मोजणीचा मुद्दा तरी आधी करा, कारण ते सर्चचे दोष आहेत आणि नेटवर्क त्यांना हात लावत नाही.

चाचणीबद्दल एक सावधगिरी. नेहमीच्या ओपनिंगपासून हजारो डाव खेळवून नव्या-जुन्या आवृत्तीची तुलना केलीत तर चुकीच्या उंटाच्या नियमाचा फायदा दिसणार नाही, इतक्या कमी डावांत ती स्थिती येते. म्हणून दोन चाचण्या ठेवा: एक नेहमीची, वेग घटून नुकसान तर झाले नाही ना हे बघायला, दुसरी निवडक एंडगेम स्थितींपासून, प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवून. आणि कुठलाही नियम घालण्याआधी एक छोटे फंक्शन लिहा: पट वरचा खाली करायचा, रंग अदलाबदल करायचे, चालीची बाजू बदलायची आणि मूल्यमापन तेच येते का बघायचे. एंडगेमच्या नियमांत ‘बढतीचे घर’ आणि ‘उंटाचा रंग’ हे काळ्या बाजूसाठी उलटे लिहिले जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती नुसत्या डावांच्या निकालातून महिनोन्‌महिने सापडत नाही.